तीन भिंती, दीडशे पट्ट्या: फायबर सिमेंट साइडिंगच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

पश्चिमेची भिंत आता निव्वळ रंगाच्या आधारावर उभी आहे. खालच्या तीन ओळींतल्या लाकडी फळ्यांत स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला, तर मुठीपर्यंत आत गेला. दर दोन-तीन वर्षांनी खरवडायचं, लांबी भरायची, रंग द्यायचा आणि पावसानंतर पुन्हा तेच. मिस्त्री म्हणाले, "ताई, रंगाला रंग चिकटलाय. मधलं लाकूड कधीच गेलं."

तेव्हा या वेळी लाकूड नाही. पूर्वेची भिंत विटांची आहे, तिला हात लावायचा नाही. उरलेल्या तीन लाकडी सांगाड्याच्या आहेत, त्यांना बाहेरून नवी साइडिंग, म्हणजे आडव्या पट्ट्यांचं आवरण, करायची.

व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा, विचार केला. हलकं असतं, रंगाची कटकट नाही. पण उन्हात लांबतं, थंडीत आखडतं आणि आगीजवळ मऊ पडून लोंबतं. फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, बारीक दळलेली वाळू, लाकडाच्या लगद्याचे तंतू आणि पाणी. जळत नाही, कुजत नाही, वाळवीला त्यात रस नाही. उणी बाजूही आहेच. पट्टी जड असते, वाकवली तर तुटते, कापताना जीवघेणी धूळ उडते. शिवाय बसवणाऱ्याची चूक ती पोटात घालत नाही. लाकडाला वेडंवाकडं ठोकलं तरी ते काही वर्षं निभावून नेतं, ही नेत नाही असं ऐकलंय.

ठरलं. ८ मिमी जाड, २१० मिमी रुंद, ३.६६ मीटर लांब, कारखान्यातूनच प्रायमर लावून आलेल्या पट्ट्या.

७ नोव्हेंबर

दिवस मोजमापात गेला आणि तो सगळ्यात कामी येईल असं वाटतंय.

एकावर एक चढवायच्या पट्ट्यांत वरची पट्टी खालचीवर किमान ३२ मिमी चढली पाहिजे. २१० मधून ३२ गेले की १७८ मिमी दर्शनी भाग उरतो. आमची भिंत सुरुवातीच्या रेषेपासून छपराच्या पुढे आलेल्या कडेपर्यंत २७०० मिमी. २७०० भागिले १७८ म्हणजे पंधरा ओळी आणि वर ३० मिमीची चिंधी. छपराखाली ती चिंधी आयुष्यभर डोळ्यांत खुपली असती, आणि तिला खिळा मारायला जागाही नाही.

चढ वाढवता येते, कमी करता येत नाही. म्हणून सोळा ओळी धरल्या: २७०० भागिले १६, म्हणजे १६८.७५ मिमी दर्शनी, चढ ४१. मग खिडक्या पाहिल्या. पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांची खालची कड रेषेपासून १०१० मिमीवर आहे. सहा ओळी १०१२ वर संपतात! म्हणजे खिडकीखालची पट्टी सरळ वरून कापली की झालं. जुन्या हिशेबानं तीच पट्टी खिडकीभोवती खाच पाडून बसवावी लागली असती, दोन्ही बाजूंना ५८ मिमीचे कान ठेवून. या मालात आतला कोपरा कापला की तडा तिथूनच निघतो. गणित इतकं सरळ जुळलं की भावाला दोनदा पडताळायला लावलं. "ताई, बरोबर आहे, आता काठीवर घे," म्हणाला.

काठी म्हणजे एक सरळ रीप. तिच्यावर सोळाही ओळींच्या खुणा केल्या, खिडक्यांच्या कडांसकट. प्रत्येक कोपऱ्यावर टेप लावत बसण्यापेक्षा ही काठी उभी करायची आणि खुणा भिंतीवर उतरवायच्या. टेपनं प्रत्येक वेळी एक मिमी चुकलं तर सोळाव्या ओळीला त्याचे सोळा होतात. काठी चुकली तर निदान सगळीकडे सारखीच चुकेल.

माल: दारं-खिडक्या वजा जाता ८४ चौरस मीटर. एका पट्टीनं ०.६१७ चौरस मीटर झाकतं, म्हणजे १३६, वर दहा टक्के धरून १५०. एक पट्टी साधारण सव्वाआठ किलोची. एकटी उचलली तर काहीच नाही. दीडशे म्हणजे सव्वा टन, याचा विचार उतरवून घ्यायच्या दिवशी करायचा.

११ नोव्हेंबर

काम थांबलं. उत्तरेच्या भिंतीवरच्या त्रिकोणात, छपराच्या खाली, जुने करडे सपाट पत्रे निघाले. लाकडाच्या रंगातच रंगवलेले, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. भाऊ पटाशी घेऊन शिडीवर चढलाच होता. मिस्त्रींनी खालून ओरडून त्याला उतरवलं.

सिमेंटचा जुना पत्रा दिसला की त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे ज्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते ते खनिज तंतू, आहे असंच धरून चालायचं, नाही असं सिद्ध होईपर्यंत. आधीच तुटलेल्या कोपऱ्याचा तुकडा ओला करून, मास्क लावून, दोन पिशव्यांत बंद केला आणि तपासणीला पाठवला. तोवर त्या बाजूला शिडी नाही, झाडू नाही.

२२ नोव्हेंबर

अहवाल आला: पांढरा ॲस्बेस्टॉस आहे. ते काढण्याचं प्रशिक्षण आणि परवाना असलेली माणसं काल येऊन गेली. पत्र्यांवर पाणी फवारत, एकही न फोडता, अख्खे उतरवले, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, चिठ्ठ्या लावल्या आणि नेले. आम्ही दिवसभर घराबाहेर.

गंमत अशी की आमच्या नव्या पट्ट्यांचे पूर्वजच आम्ही काढून टाकले. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पातळ पत्रा बनवण्याचं पेटंट १९०१ मध्ये घेतलं आणि मालाला नाव दिलं 'एटर्निट', लॅटिनमधल्या 'चिरंतन' या शब्दावरून. पद्धत कागद करण्यासारखीच: पातळ काल्यात जाळीचा पिंप फिरवायचा, जाळीवर साचलेला पापुद्रा पट्ट्यावर उचलायचा आणि हवी ती जाडी होईपर्यंत थरावर थर गुंडाळायचे. आजही बहुतेक कारखाने याच पद्धतीनं चालतात, आणि तिला हाचेकचंच नाव आहे. बदलला तो तंतू. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन काय करते हे कळल्यावर १९८० च्या दशकात त्याच्या जागी लाकडाच्या लगद्याचे तंतू येऊ लागले. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती २००३ च्या शेवटच्या दिवशी, युरोपीय संघात २००५ पासून.

चिरंतन नाव ठेवलेला पत्रा काढायला परवानाधारक माणसं लागतात. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "नाव तर खरंच ठरलं की, जातच नाही तो."

२५ नोव्हेंबर

पश्चिमेच्या फळ्या उतरवल्या. वरच्या ओळी धडधाकट निघाल्या, त्या वाफ्यांच्या कडेला वापरू. खालच्या हातात आल्यावर चुरा.

आतला प्रकार मात्र वेगळाच निघाला. मला वाटत होतं की पाणी खालून, जमिनीवरून उडून लागत असणार. थोडं तसं होतंच. पण सगळ्यात वाईट जागा खाली नव्हती, भिंतीच्या डाव्या अंगाला, मध्यावर होती. पडवीचं उतरतं छप्पर या भिंतीला कडेनं लागून खाली येतं आणि जिथे ते संपतं, नेमकं त्याच्याखाली. आतल्या प्लायवुडला काळा डाग, वरून खाली निमुळता, झाडाच्या मुळीसारखा. त्यामागचा एक स्टड, म्हणजे सांगाड्याचा उभा खांब, ढोपरभर उंचीपर्यंत स्पंज झालेला.

मिस्त्री बराच वेळ वर पाहत उभे राहिले. मग हातानं पाण्याची वाट दाखवली. छपरावरचं पाणी भिंतीला घासत खाली येतं. छप्पर संपतं तिथे पन्हळ आहे खरी, पण तिचं टोक भिंतीपासून चार बोटं अलीकडे आहे. मधल्या चार बोटांतलं पाणी पन्हळीत न पडता फळ्यांच्या मागे शिरतं. प्रत्येक पावसात, इतकी वर्षं. तिथे हवा होता तळहाताएवढा वाकवलेला पत्रा, जो पाण्याला भिंतीपासून दूर ढकलून पन्हळीत टाकेल. किकआउट म्हणतात त्याला. तेवढा एक तुकडा नसल्यामुळे स्टड गेला.

फळ्यांना मी किती शिव्या दिल्या होत्या! फळ्यांचा दोष निम्माही नव्हता. सिमेंटच्या पट्ट्या लावल्या असत्या आणि हा तुकडा लावला नसता, तर पट्ट्या तशाच टवटवीत राहिल्या असत्या आणि मागचं घर गळून पडलं असतं.

२७ नोव्हेंबर

कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला, शेजारी नवा स्टड जोडला, प्लायवुडचे दोन तुकडे बदलले. किकआउट बसला. पन्हळ भिंतीपर्यंत सरकवली. बाकी काही नाही.

३० नोव्हेंबर

भिंतीवर पडदा चढवला. हा कापडासारखा असतो. बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, आतली वाफ मात्र बाहेर जाऊ देतो. कौलं ज्या न्यायानं बसतात त्याच न्यायानं हा बसतो: खालून सुरुवात, वरचा पन्हा खालच्यावर. नियम लहान मुलालाही कळेल असा आहे, आणि तरी खिडकीपाशी आल्यावर आमच्याकडून उलटा झाला. खिडकीच्या डोक्यावरचा पत्रा पडद्यावरून लावला होता, म्हणजे पडद्यावरून ओघळणारं पाणी थेट पत्र्याच्या मागे. काढून पुन्हा केलं: आधी पत्रा, त्याच्या वरच्या कडेवर पडदा, त्यावर टेप.

पत्रा रंगाचा थर असलेला घेतला. उघडं ॲल्युमिनियम सिमेंटला टेकलं की त्यातली अल्कली ते खाते.

३ डिसेंबर

माल आला. तिघांनी मिळून उतरवला, पट्टी नेहमी उभ्या कडेवर धरून. आडवी धरली की मध्ये लोंबते आणि स्वतःच्याच वजनानं मोडते. दोन मोडून हे शिकलो. जमिनीपासून उंच, सपाट ठोकळ्यांवर रचून ताडपत्री घातली.

६ डिसेंबर

प्रत्येक स्टडवर २० मिमी जाडीची उभी रीप मारली. पट्ट्या या रिपांवर बसणार, म्हणजे पट्टी आणि पडदा यांच्यामध्ये दोन सेंटिमीटरची पोकळी राहणार. भावाला हे पटेना. "एवढी जागा कशाला वाया घालवायची? थेट ठोकू." मी त्याला २५ तारखेचा स्टड दाखवला, टाकून दिला नव्हता, मुद्दाम ठेवलाय. पट्ट्यांच्या भिंतीतून पाणी आत येतंच. वारा जोराचा असला की चढीमधून, जोडांतून, खिळ्यांपाशी थोडं तरी शिरतं. ते येणारच असं धरून त्याला खाली उतरायला वाट आणि वाळायला हवा द्यायची, एवढाच या पोकळीचा उद्देश. पाऊस अडवायचं मोठं काम पट्टीचं, उरलेला पडद्याचा, आणि दोघांच्या मधली रिकामी जागा दोघांना कोरडं ठेवते.

खाली पोकळीच्या तोंडाला जाळी लावली, नाहीतर उंदीर-पाली कायमच्या भाडेकरू. वरचं तोंडही छपराखाली उघडं ठेवलं.

८ डिसेंबर

रात्री वाऱ्यानं ताडपत्री उडाली आणि अवेळी पाऊस झाला. वरच्या वीस-बावीस पट्ट्या भिजल्या. त्या वेगळ्या काढून, मध्ये रिपा घालून वाळत ठेवल्या. भिजून त्या कुजणार नाहीत, पण पाणी प्यायलेली पट्टी किंचित लांब झालेली असते. तशीच ठोकली तर वाळताना आखडेल. आठ दिवस थांबायचं ठरलंय. बघू धीर राहतो का.

९ डिसेंबर

आजची नोंद जरा लांब होणार.

सकाळी मिस्त्री यायच्या आत भावानं ग्राइंडरला दगड कापायची डिस्क लावली आणि अंगणाच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या कापल्या. मी बाहेर आले तर तो दिसतच नव्हता. पांढरा ढग, आणि ढगातून खोकला. बाहेर आला तेव्हा पापण्या, मिशी, कानाची भोकं सगळं पांढरं. हसायला आलं, मग हसू गेलं.

ती धूळ म्हणजे नुसतं सिमेंट नाही. पट्टीतल्या वाळूत स्फटिक सिलिका असते. ती बारीक कापली की इतकी लहान होते की नाकातले केसही तिला अडवू शकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि तिथेच राहते. सिलिकोसिस होतो, फुप्फुसात व्रण होतात, ते भरून येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हवेतल्या स्फटिक सिलिकेला १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेत २०१६ च्या नियमानुसार कामगाराच्या आठ तासांच्या हवेत ती घनमीटरला सरासरी ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एक ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. भावाच्या मिशीतच त्यापेक्षा किती तरी जास्त होती.

ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढायला माणसं बोलावली आणि त्याच अंगणात आपणच नवी धूळ केली. मी रागावले. तोही रागावला, कारण त्याला वाटलं होतं मला बरं वाटेल. दुपारी बोलणं सुरू झालं.

आता पद्धत अशी. सरळ काप कात्रीनं: हातमशीनला लावायची जाड पात्याची कात्री मिळते, ती पट्टी चावत जाते आणि धूळ जवळजवळ करतच नाही. कड थोडी खडबडीत येते, पण ती कोपऱ्याच्या पट्टीमागे जाते. छोटे तुकडे असतील तर कार्बाइडच्या टोकानं दर्शनी बाजूला तीन-चार वेळा खोल रेघ ओढायची आणि गुडघ्यावर ठेवून मोडायचे. तिरके आणि लांब काप तेवढे गोल करवतीनं. पातं कृत्रिम हिऱ्याच्या टोकांचं आणि मोजक्याच दात्यांचं: कमी दाते म्हणजे धुळीचे कण मोठे आणि थोडे. करवतीला धूळ ओढणारी पिशवी, काम घरापासून लांब, वारा पाठीकडून, तोंडावर नीट बसणारा मास्क. दाढी असली की मास्क बसत नाही, हे मिस्त्रींनी भावाकडे पाहून सांगितलं. संध्याकाळी तो दाढी करून आला.

अंगण झाडलं नाही. पाणी मारून चिखल गोळा केला.

१३ डिसेंबर

पहिली ओळ. जमिनीपासून १५० मिमी वर, पडवीच्या छपरापासून ५० मिमी वर. सुरुवातीला पट्टीतूनच कापलेली एक अरुंद चिंधी खाली मारली, म्हणजे पहिली पट्टीही तिच्यावर टेकून वरच्यांसारखीच तिरकी उभी राहते. हे विसरलं तर पहिली ओळ भिंतीला चपटी बसते आणि लांबूनही ओळखू येते.

दोरी मारली, पाणसळ लावली, पहिली ओळ बसवायला तीन तास. मिस्त्री घाई करत नव्हते. दुसरी-तिसरी मात्र अर्ध्या तासात.

१५ डिसेंबर

खिळे. जस्ताच्या गरम मुलाम्याचे घेतलेत, समुद्रकाठी असतो तर स्टेनलेस घेतले असते. पट्टीच्या वरच्या कडेपासून २५ मिमीवर, प्रत्येक रिपेवर एक, टोकापासून निदान १० मिमी आत. पुढची पट्टी चढली की खिळा झाकला जातो.

खिळे मारायच्या मशीनचा दाब सकाळी जास्त होता. दोन ओळी झाल्यावर जवळून पाहिलं तर प्रत्येक खिळा पट्टीत बुडालेला, भोवती चंद्रकोरीसारखी बारीक चीर. खिळ्याचं डोकं पट्टीच्या पृष्ठभागाशी टेकलं पाहिजे, बस. आत गेला की पट्टीचा तेवढा भाग धरतच नाही, वाऱ्यात ती हलायला लागते. दाब कमी केला. डोकं थोडं वर राहतं, ते हातोडीनं बसवतो. बुडालेल्या खिळ्यांशेजारी नवे मारले.

जोड रिपेवरच घेतो, प्रत्येक जोडामागे पडद्याच्याच कापडाची पट्टी, खालच्या पट्टीवर उतरलेली. जोडात सीलंट, म्हणजे नळीतून भरायचं फटी बुजवणारं लुकण, नाही. दोन टोकं नुसती टेकवायची, ताणून नाही आणि लांबही नाही. एका ओळीचा जोड दुसरीच्या वर येऊ द्यायचा नाही, निदान दोन स्टडचं अंतर.

धीर राहिला नाही, हेही लिहून ठेवते. भिजलेल्या पट्ट्यांपैकी सहा आज वापरल्या. हाताला कोरड्या लागत होत्या.

२० डिसेंबर

खिडक्या संपल्या. उभ्या बाजूंना चौकटीपासून ३ मिमी फट ठेवून ती रंग बसणाऱ्या सीलंटनं भरली. कापलेली प्रत्येक कड बसवायच्या आधी प्रायमरनं रंगवली. पट्टी पाणी पिते ती कापलेल्या कडेनं. खिडकीच्या डोक्यावरच्या पत्र्यावर पट्टी आणि पत्रा यांत ६ मिमी फट उरली होती. नळीत सीलंट होतंच, दोन्ही खिडक्यांची ती फटही भरून टाकली. छान सरळ रेघ आली. मिस्त्री आज आले नव्हते.

२८ डिसेंबर

उत्तर आणि दक्षिण भिंत पूर्ण. खिडक्या कमी, हात सरावलेला. उत्तरेच्या त्रिकोणात तिरके काप होते, छपराचा कोन एका पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आणि तोच साचा सगळीकडे चालला.

४ जानेवारी

रंगाचे दोन हात, शंभर टक्के ॲक्रिलिक. घरात तेलरंगाचे दोन डबे पडून होते, भाऊ म्हणाला तेच वापरू. नाही म्हटलं. सिमेंट अल्कलीयुक्त असतं. अल्कली आणि तेल भेटलं की साबण होतो, अगदी शब्दशः, आणि तो रंग पापुद्र्यांनी निघतो. ॲक्रिलिकला ती अडचण नाही, शिवाय पट्टी थोडी हलली तर तोही हलतो.

फिकट राखाडी. शेजारचे काका म्हणाले, "लाकूडच वाटतंय." कौतुक होतं की नाही कळलं नाही.

११ जानेवारी

काल रात्री पश्चिमेकडून जोराचा पाऊस. सकाळी मधल्या खोलीत, पश्चिमेच्या डाव्या खिडकीच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात ओल. हाताला गार. नवी भिंत, आठ दिवसांचा रंग, आणि ओल.

पहिला संशय किकआउटवर. पडवीवर चढून पाहिलं, पन्हळीत पाणी नीट पडतंय. मग जोड, मग खिळे. बाहेरून कुठेही काही नाही. पट्ट्या अशा दिसत होत्या की दुकानाच्या फलकावर लावाव्यात. मिस्त्री आले, खिडकीसमोर उभे राहिले आणि लगेच म्हणाले, "ताई, हे वरचं कुणी बुजवलं?"

मी.

मागच्या पोकळीतून उतरणारं पाणी खिडकीच्या डोक्यावरच्या पत्र्यावर येऊन थांबतं. पत्रा पुढे उतरता असतो तो याचसाठी, की पाणी त्या ६ मिमीच्या फटीतून बाहेर पडावं. त्या वाटेवर मी बूच मारलं होतं. पाणी साचलं, आडवं सरकलं आणि पत्र्याच्या डाव्या टोकावरून चौकटीमागे उतरलं. उजव्या खिडकीत तसं झालं नाही, कारण त्या पत्र्याची टोकं वर वळवलेली होती. डाव्याची नव्हती.

उभी फट भरायची, आडवी उघडी ठेवायची. रिपा मारताना मी हेच भावाला शहाणपणानं सांगत होते, पाणी खाली जाऊ दे म्हणून. पण हातात सीलंटची नळी असली की प्रत्येक फट ही चूकच वाटायला लागते.

१२ जानेवारी

सीलंट पात्यानं कापून काढलं. डाव्या खिडकीवरची रेघ मध्यावर उघडली तेव्हा रात्रीचं पाणी बाहेर आलं, वाटीभर असेल, राखाडी, पट्टीवरून ओघळत खाली. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, फडकं पुढे केलं.

खिडकीवरच्या दोन पट्ट्या उतरवून डाव्या पत्र्याची टोकं पक्कडनं वर वळवली, कोपऱ्याला टेप लावला, पट्ट्या परत बसवल्या. एक पट्टी काढताना मोडली. जास्तीच्या चौदातली वापरली. फटीच्या कडेला सीलंटचे अवशेष राहिलेत, ते कानसीनं घासायचेत. आतली भिंत आठवडाभर पंख्यासमोर.

१९ जानेवारी

पुन्हा पाऊस, पुन्हा पश्चिमेचाच. पावसात बाहेर उभी राहून पाहिलं. दोन्ही खिडक्यांच्या डोक्यावरून, त्या फटीतून, थेंब थेंब पाणी बाहेर पडत होतं. आत कोरडं.

२ फेब्रुवारी

पश्चिमेच्या पाचव्या आणि सातव्या ओळीत तीन जोड उघडलेत, दोन-दोन मिमी. १५ डिसेंबरच्या त्याच सहा भिजलेल्या पट्ट्या. मागे कापडाची पट्टी आहे, त्यामुळे पाण्याची भीती नाही. उन्हात काळी रेघ तेवढी दिसते. भावाला सीलंट भरायचंय. मी नळी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. मिस्त्री म्हणतात त्या रेघेत रंगाचा एक हात फिरवा, पुरे.

उरलेल्या पट्ट्या पडवीत, सपाट ठोकळ्यांवर. ताडपत्रीला या वेळी दोरी बांधली आहे.